छापखान्यातील आठ संगणक आर्म प्रोसेसरवर नेता येतील का?

मुद्रण_सांगली (प्रश्न)

नमस्कार. सांगलीत आमचा लहानसा ऑफसेट छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, सहकारी पतसंस्थांचे वार्षिक अहवाल आणि दोन दिवाळी अंक हे आमचे नेहमीचे काम. वडिलांनी १९९६ साली खिळ्यांची जुळणी बंद करून संगणकावर अक्षरजुळणी सुरू केली आणि तेव्हापासूनचा बराचसा मजकूर आजही आमच्या डिस्कवर आहे.

सध्या आठ संगणक आहेत. सर्वांवर विंडोज १० आहे आणि तिचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यांतील सहा यंत्रे विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत, त्यामुळे नवी घ्यावीच लागणार. विक्रेत्याने आर्म प्रोसेसरचे काही लॅपटॉप दाखवले. वीज कमी लागते, पंख्याचा आवाज जवळजवळ नाही आणि वीज गेल्यावर काम बराच वेळ चालू राहते. आमच्याकडे उन्हाळ्यात ही सोय मोठी आहे. आपले जुने प्रोग्राम त्यावर चालतील, असे तो सांगतो.

आमच्याकडे पानांच्या मांडणीसाठी पेजमेकर ७ आहे. मराठीसाठी एक जुने फॉन्ट-सॉफ्टवेअर आहे. त्याचा स्वतःचा कळफलक असून ते यूएसबी डोंगल (परवान्याची खूण असलेले छोटे साधन) लावल्याशिवाय उघडत नाही, आणि त्या आवृत्तीला निर्मात्याकडून आता कोणताही आधार मिळत नाही. याशिवाय हिशेबाचे सॉफ्टवेअर, ई-निविदांसाठी लागणारे डिजिटल स्वाक्षरीचे टोकन आणि प्लेट तयार करणाऱ्या यंत्राला जोडलेला एक स्वतंत्र संगणक आहे.

हे सर्व आर्मवर नेता येईल का, हा माझा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न समजून घेण्यासाठी विचारतो. आपल्या सर्वांच्या फोनमध्ये वर्षानुवर्षे आर्म प्रोसेसरच आहे आणि तो उत्तम चालतो. मग टेबलावरच्या संगणकालाच तो स्वीकारताना एवढी अडचण का यावी?

यंत्रणा_पुणे

आपला दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यातूनच निघते.

आजचे स्मार्टफोन जवळजवळ आरंभापासून आर्मवरच वाढले आणि त्यांतील प्रोग्राम एका दुकानातून येतात, जिथे निर्माता ते पुन्हा पुन्हा नव्याने संकलित करून, म्हणजे मूळ स्रोतापासून प्रोसेसरच्या यंत्रभाषेत उतरवून, ठेवत असतो. डेस्कटॉपवर मात्र १९८१ च्या आयबीएम पीसीपासून एकाच कुळातले, इंटेल आणि एएमडीचे एक्स८६ म्हणून ओळखले जाणारे प्रोसेसर चालत आले आहेत. आपला पेजमेकर ७ हा २००१ सालचा प्रोग्राम एक्स८६ च्या यंत्रभाषेत एकदा संकलित होऊन सीडीवर आला; त्याचा मूळ स्रोत आपल्याकडे नाही आणि तो नव्याने संकलित करून देणारेही कोणी नाही. म्हणून असा प्रोग्राम चालवायचा तर त्याची यंत्रभाषा चालता चालता भाषांतरित करावी लागते.

हे भाषांतर आता खरोखर चांगले होते, हे आधी सांगायला हवे. एक्स८६ ची आज्ञा १ ते १५ बाइट लांबीची असू शकते, तर ६४-बिट आर्मची प्रत्येक आज्ञा नेमकी ४ बाइटची असते. तरीही विंडोजमधील भाषांतरक प्रोग्रामचा एकेक तुकडा घेऊन त्याचे आर्म रूप करतो आणि ते साठवून ठेवतो, म्हणजे तोच तुकडा पुढच्या वेळी नव्याने उलगडावा लागत नाही. २०१७ च्या अखेरीस आलेल्या आर्मवरील विंडोज १० मध्ये फक्त ३२-बिट प्रोग्रामांची सोय होती, ६४-बिट प्रोग्राम विंडोज ११ मध्ये चालू लागले, आणि २०२४ मध्ये प्रिझम नावाचा नवा भाषांतरक आला. पत्रिका मांडण्याइतक्या कामाला त्याचा वेग पुरेसा पडतो.

भाषांतरातली सर्वांत कठीण बाजू वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. समजा, आपला एक कामगार छापलेली पाने कपाटात ठेवतो आणि मग दारावर ‘तयार’ अशी पाटी लावतो, आणि बाइंडर ती पाटी पाहून पाने घ्यायला येतो. एक्स८६ वर दोन कोरांमध्ये (प्रोसेसरच्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागांमध्ये) हा क्रम पाळला जाईल अशी हमी असते: पाटी दिसली म्हणजे पाने ठेवलेली आहेतच. आर्मवर ही हमी आपोआप मिळत नाही. प्रोग्रामने स्पष्ट सांगितले नाही तर पाटी आधी दिसू शकते आणि पाने मागून येऊ शकतात. एक्स८६ साठी लिहिलेला प्रोग्राम तसे काही सांगत नाही, कारण तिथे त्याला गरजच नव्हती. म्हणून भाषांतरकाला जागोजागी अडसर घालावे लागतात आणि त्यांनी वेग कमी होतो. ॲपलने २०२० च्या एम१ मध्ये थेट चिपमध्येच एक्स८६ चा क्रम पाळण्याची सोय केली. तिथला भाषांतरक इतका वेगवान का, याचे एक मोठे कारण हे आहे.

आता आपल्या यादीकडे येतो. भाषांतर होते ते केवळ सामान्य प्रोग्रामांचे. कार्यप्रणालीच्या गाभ्यात बसणारे ड्रायव्हर, म्हणजे जोडलेली साधने चालवणारे प्रोग्राम, भाषांतरित होत नाहीत. ते आर्मसाठीच तयार केलेले असावे लागतात. आपल्या डोंगलला स्वतःचा ड्रायव्हर लागत असेल आणि निर्मात्याने त्याचे आर्म रूप दिलेले नसेल, तर फॉन्ट-सॉफ्टवेअर उघडेल, डोंगल शोधेल आणि थांबेल. काही डोंगल स्वतःला माउस-कीबोर्डच्या वर्गातील साधन म्हणून ओळख देतात आणि त्यांना वेगळा ड्रायव्हर लागत नाही. आपला कोणत्या प्रकारचा आहे, ते डिव्हाइस मॅनेजरमध्ये पाहून इथे कळवा.

दुसरा अडथळा कळफलकाचा आहे आणि मराठी वापरणाऱ्याने तो विशेष लक्षात ठेवावा. स्वतःचा कळफलक पुरवणारे सॉफ्टवेअर बहुधा आपला एक भाग दुसऱ्या प्रत्येक प्रोग्रामच्या आत बसवते, म्हणजे आपण पेजमेकरमध्ये असा वा ब्राउझरमध्ये, कळ दाबली की मराठी अक्षर उमटते. पण मूळ आर्मवर चालणाऱ्या प्रोग्रामच्या आत एक्स८६ चा तुकडा बसू शकत नाही. परिणामी असा कळफलक भाषांतरित प्रोग्रामांत चालेल आणि आर्मसाठी बनलेल्या ब्राउझरमध्ये मुका राहील, असे घडू शकते. विंडोजमधील इन्स्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा प्रमाण कळफलक कार्यप्रणालीचाच भाग असल्यामुळे त्याला ही अडचण नाही.

स्वाक्षरीच्या टोकनबद्दल पुरवठादाराला लेखी विचारा. कार्डवाचकाचा सर्वसाधारण ड्रायव्हर विंडोजमध्ये असतो, परंतु टोकनसोबत येणारे सॉफ्टवेअर आर्मवर तपासलेले आहे की नाही, हे निविदेच्या शेवटच्या दिवशी कळून उपयोग नाही.

शेवटी एक तपासणी अवश्य करा: आपल्या संगणकांवरील विंडोज १० ही ३२-बिट आहे की ६४-बिट? यावर बरेच काही अवलंबून आहे.

जुना_संगणककर्मी

वरील उत्तर तांत्रिकदृष्ट्या पूर्ण आहे. मी केवळ मागचा अनुभव जोडतो, कारण विक्रेत्याचे ‘सगळे चालते’ हे वाक्य मी तीस वर्षांत अनेकदा ऐकले आहे.

विंडोज एनटी १९९३ मध्ये आली तीच मुळी अनेक प्रोसेसरांसाठी: एक्स८६, मिप्स आणि अल्फा, आणि नंतर पॉवरपीसी. अल्फा त्या काळी अतिशय वेगवान होता. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने त्यासाठी एफएक्स!३२ नावाचा भाषांतरक केला होता; तो प्रोग्रामच्या पहिल्या वेळी हळू चाले, कोणते भाग वापरले गेले याची नोंद ठेवी आणि नंतर मागच्या बाजूला त्यांचे भाषांतर करून ठेवी. कल्पना उत्तम होती, अंमलबजावणीही उत्तम होती. तरीही मिप्स आणि पॉवरपीसी एनटी ४ च्या काळातच गळाले आणि १९९९ मध्ये अल्फाही गेला, कारण विकत मिळणारे प्रोग्राम एक्स८६ साठीच येत राहिले आणि एक्स८६ स्वतःही वेगवान होत गेला.

इटॅनियमची गोष्ट याहून बोधप्रद आहे. इंटेल आणि एचपी यांनी मिळून नवी रचना केली, ती २००१ मध्ये बाजारात आली, पण जुने ३२-बिट प्रोग्राम तिच्यावर फार हळू चालत. एएमडीने २००३ मध्ये जुन्याच रचनेला ६४-बिटची जोड दिली. जुने प्रोग्राम पूर्ण वेगाने चालू राहिले आणि लोक तिकडे गेले. शेवटी इंटेललाही तीच रचना स्वीकारावी लागली. २०१२ च्या विंडोज आरटीमध्ये तर भाषांतराची सोयच नव्हती: दिसायला विंडोज, पण आपला एकही जुना प्रोग्राम तिच्यावर बसत नसे. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टला त्या टॅबलेटच्या साठ्यापोटी ९० कोटी डॉलरचा तोटा हिशेबात दाखवावा लागला.

ॲपलने मात्र १९९४, २००६ आणि २०२० अशी प्रोसेसर बदलण्याची तीन स्थित्यंतरे पार पाडली. माझ्या मते याचे श्रेय केवळ भाषांतरकाला नाही. यंत्र, कार्यप्रणाली आणि संकलक एकाच घराचे असल्यामुळे ॲपल तारीख ठरवून जुने दार बंद करू शकते, आणि दार बंद होणार हे माहीत असल्याने प्रोग्राम लिहिणारे वेळेत कामाला लागतात. ॲपलचा भाषांतरक म्हणजे रोझेटा; पहिली रोझेटा २००६ मध्ये आली आणि २०११ च्या लायन आवृत्तीत काढून टाकली गेली. २०१९ मध्ये कॅटालिनाने सर्व ३२-बिट प्रोग्राम बंद केले, म्हणजे पुढच्या वर्षीच्या स्थित्यंतराचे निम्मे ओझे आधीच उतरवून ठेवले. आताच्या रोझेटाचीही मुदत जाहीर झाली आहे: मॅकओएस २७ नंतर ती काही जुन्या खेळांपुरतीच उरेल. विंडोजचे ग्राहक मात्र जुने चालते म्हणूनच विंडोज घेतात. त्यामुळे तिथे कोणी दार बंद करू शकत नाही आणि स्थित्यंतर लांबत जाते.

मॅक घेऊन त्यात विंडोज चालवण्याचा सल्ला आपल्याला कोणी देईल. नव्या मॅकवर आभासी यंत्रात (संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकात) चालते ती आर्मचीच विंडोज, तेव्हा डोंगलची अडचण तिथेही जशीच्या तशी राहते.

मुक्तस्रोत_नाशिक

लिनक्सच्या बाजूने थोडी पुस्ती जोडतो. मूळ स्रोत हाती असला की प्रश्न संपतो, असे समजू नये. डेबियन या लिनक्सच्या आवृत्तीतील हजारो प्रोग्राम आर्मसाठी संकलित होऊन मिळतात हे खरे, पण वाटेत बारीक खाचखळगे निघतात. सी भाषेत ‘कॅर’ हा प्रकार लिनक्सवर एक्स८६ साठी ऋण संख्या धरतो आणि आर्मसाठी धरत नाही; -१ शी तुलना करणारा निष्काळजी प्रोग्राम एका यंत्रावर बरोबर चालतो आणि दुसऱ्यावर कधी थांबतच नाही. स्मृतीची पाने ४ किलोबाइटचीच असतात, असे गृहीत धरणारे प्रोग्राम १६ किलोबाइटची पाने वापरणाऱ्या ॲपलच्या चिपवर अडखळतात. शिवाय पीसीवर लिनक्स सहसा कोणत्याही यंत्रावर बसते, पण आर्मच्या लॅपटॉपांत जवळजवळ प्रत्येक नमुन्यासाठी त्यातील घटकांचे वेगळे वर्णन कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, पुरवावे लागते. आपल्या छापखान्यासाठी आर्म लॅपटॉपवर लिनक्स हा मार्ग मी आज तरी सुचवणार नाही.

मुद्रण_सांगली

सर्वांचे आभार. तपासणी केली. डोंगल माउस-कीबोर्डच्या वर्गात दिसत नाही, तो स्वतःच्या वेगळ्या नावाखाली दिसतो आणि त्याच्या ड्रायव्हरवर २००९ सालची तारीख आहे. आठपैकी चार संगणकांवर विंडोज १० ही ३२-बिट आहे, आणि फॉन्ट-सॉफ्टवेअर नेमके त्याच चारांवर आहे. इतर चारांवर ते का बसवले नाही, हे जुन्या ऑपरेटरला विचारले, तेव्हा ‘तिथे डोंगल घेत नाही’ असे उत्तर मिळाले. प्लेट यंत्राच्या संगणकात एक पीसीआय कार्ड बसवलेले आहे, हेही आज प्रथमच उघडून पाहिले.

यंत्रणा_पुणे

मग आपल्या प्रश्नाचे स्वरूप बदलले. ३२-बिट ड्रायव्हर ६४-बिट विंडोजमध्ये बसत नाही आणि विंडोज ११ ला ३२-बिट आवृत्तीच नाही. म्हणजे उद्या आपण इंटेल किंवा एएमडीचा नवा संगणक घेतला, तरी हा डोंगल त्याच्यावर थेट चालणार नाही. आपल्याकडचे एक स्थित्यंतर अनेक वर्षांपूर्वीच अर्धवट थांबले होते. चार जुनी यंत्रे सांभाळून ते पुढे ढकलले गेले, एवढेच.

फरक इतकाच की एक्स८६ च्या नव्या संगणकावर एक पळवाट शिल्लक आहे. त्यात आभासी यंत्र करून त्यामध्ये ३२-बिट विंडोज १० बसवावी, यूएसबी डोंगल त्या आभासी यंत्राच्या हवाली करावा आणि त्याला इंटरनेट देऊ नये. आर्मच्या संगणकावर ही वाट व्यवहारात बंद आहे, कारण तिथे एक्स८६ ची अख्खी कार्यप्रणाली आभासी यंत्रात थेट चालत नाही. संपूर्ण प्रोसेसरच सॉफ्टवेअरने उभा करावा लागतो आणि तो रोजच्या कामाला फार हळू पडतो.

प्लेट यंत्राचा संगणक आहे तसाच ठेवा. आर्म लॅपटॉपमध्ये ते कार्ड बसवायला जागाच नसते. त्या संगणकाला जाळ्यातून वेगळा काढा, त्याच्या डिस्कची पूर्ण प्रत आजच करून ठेवा आणि त्याच्याकडे फक्त तयार फाइल नेत जा.

अक्षरजुळणी_कोल्हापूर

मी वीस वर्षे अक्षरजुळणी करते आणि आमच्या कार्यालयाने हाच टप्पा नुकताच पार केला, म्हणून लिहिते. आभासी यंत्राची सोय जरूर करून ठेवा, पण ती जुना मजकूर बाहेर काढण्यापुरतीच वापरा. प्रोसेसर कोणताही घेतला तरी खरे काम मजकुराचे आहे.

आपल्या जुन्या फाइलींत मराठी अक्षरे नाहीत. इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले मराठी आकार आहेत. फॉन्ट काढून घेतला की खाली निरर्थक खुणा उरतात. हे आकार डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेले असतात: ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी आणि मग क. युनिकोड या आजच्या सर्वमान्य अक्षरसंकेतात उच्चाराचा क्रम असतो, आधी क आणि मग वेलांटी. ‘वर्ष’ या शब्दात जुन्या फाइलीत रफार ष च्या नंतर येतो, तर युनिकोडमध्ये र आधी येतो. अनेक व्यंजने तर अर्धा आकार आणि काना अशा दोन तुकड्यांत असतात. रूपांतर करणारे सॉफ्टवेअर हे बहुतेक सांभाळते.

ते चुकते कुठे, हे मात्र सांगायला हवे, कारण ही चूक वाचतानाही पटकन दिसत नाही. हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या एका रूपांतरकाने आमच्या पुस्तकातला अर्धचंद्राकृती र सरसकट रफार करून टाकला. ‘दऱ्या’ हा शब्द ‘दर्या’ झाला आणि सह्याद्रीवरच्या लेखात डोंगरांमधून समुद्र वाहू लागला. ‘दर्या’ हाही खरा शब्द असल्यामुळे शुद्धलेखन तपासणीत तो पकडला गेला नाही. मुद्रितशोधकाने मूळ छापील प्रत शेजारी ठेवली होती म्हणून लक्षात आले. तेव्हा ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ येणाऱ्या शब्दांची वेगळी यादी करा आणि प्रत्येक फाइलीत ते शोधून पाहा. अंकांवरही लक्ष ठेवा. अहवालाच्या ताळेबंदात मराठी अंकांच्या जागी काय आले, ते दर पानावर तपासावे लागते.

पेजमेकरमध्ये युनिकोडची सोय नाही, त्यामुळे मांडणीसाठी नवे सॉफ्टवेअर लागेलच. ते घेतल्यावर जुनी मांडणी तशीच्या तशी उतरेल अशी अपेक्षा ठेवू नका, कारण नव्या फॉन्टमध्ये ओळींची लांबी बदलते आणि पाने सरकतात. आम्ही दरवर्षी पुन्हा लागणाऱ्या कामांपासून सुरुवात केली. जे पुन्हा छापायचे नाही, त्याची पीडीएफ करून ठेवली आणि पुढे गेलो. कळफलकाचे म्हणाल, तर इन्स्क्रिप्टची सवय व्हायला माझ्या हातांना सुमारे दोन महिने लागले. पहिले दोन आठवडे फार त्रासाचे होते, हे ऑपरेटरना आधीच सांगून ठेवा आणि त्या काळात घाईचे काम घेऊ नका.

मुद्रण_सांगली

आपणा सर्वांच्या उत्तरांवर घरी वडिलांशी बोललो. आम्ही असे ठरवले आहे. प्लेट यंत्राचा संगणक तसाच राहील. उरलेल्या सातांपैकी तीन जागी एक्स८६ चे नवे संगणक घेऊ. त्यांतील एकावर आभासी यंत्र आणि डोंगल असेल, एकावर स्वाक्षरीचे टोकन आणि हिशेब. पत्रव्यवहार आणि ग्राहकांना नमुने दाखवण्यासाठी एकच आर्म लॅपटॉप घेऊ आणि वर्षभर पाहू. बाकीच्या तीन जागांचा निर्णय मजकूर युनिकोडमध्ये आल्यावर करू, कारण तेव्हा कोणताही प्रोसेसर घेण्याची मोकळीक राहील.

पतसंस्थांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेर संपतात, म्हणून रूपांतर त्यांच्या अहवालांपासून सुरू करतो. गेल्या वर्षीच्या नऊ अहवालांच्या फाइली आज वेगळ्या काढल्या. वडिलांनी ‘ऱ्य’ च्या शब्दांची यादी स्वतः करायला घेतली आहे. त्यांनी खिळ्यांच्या काळी या जोडाक्षराचा खिळा वेगळ्या खणात ठेवला होता, असे ते सांगत होते. कोल्हापूरच्या ताईंना एक विनंती: ताळेबंदातील अंक तपासण्याची आपली पद्धत थोडी सविस्तर लिहाल का?

अक्षरजुळणी_कोल्हापूर

अवश्य. दोघांनी मिळून तपासा: एकाने छापील प्रतीतील रकमा मोठ्याने वाचायच्या, दुसऱ्याने पडद्यावरच्या पाहायच्या. त्यानंतर प्रत्येक रकान्याची बेरीज स्वतंत्र करून छापील बेरजेशी जुळवा. रूपांतरात ५ आणि ६ यांची अदलाबदल झाल्याचे आम्हाला या बेरजेतच सापडले.